खुडूक कोंबडी कुठं गेली?



दिवाळी सरून थंडी लागली की आमच्या सावेडीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "घरामागं आठ-दहा कोंबड्या आहेत, कोंबडाही आहे. यंदा पहिल्यांदाच घरची पिल्लं काढायची म्हणतोय. मशीन कोणतं घेऊ?" विचारणाऱ्यांत पाईपलाईन रोडला बंगला बांधलेले निवृत्त गुरुजी असतात, सावेडी गावातल्या जुन्या घरातली सूनबाई असते, नोकरी सांभाळून अर्धा एकर बघणारं पोरगं असतं. मशीनचं उत्तर सोपं आहे, पुढं देतो. पण मी आधी उलटं विचारतो, "तुमच्यातली खुडूक कोणती बसते?" बहुतेक जण नुसते बघत राहतात. काहींना तर शब्दच नवा असतो.

नव्या पोरांसाठी सांगतो. अंड्यांची पाळी संपत आली की गावठी कोंबडी एके दिवशी जागेवरून उठेनाशी होते. अंग फुलवून बसते, हात घातला तर चोच मारते, घशातल्या घशात आवाज काढत राहते. ती खुडूक झाली. मग टोपल्यात भुसा घालून, त्यावर अंडी मांडून तिला बसवायचं. याला रवण घालणं म्हणतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं. माणसानं कोंबडी पाळायला लागल्यापासून जवळपास सगळी कोंबडीजात अशीच जन्माला आली. आज मात्र दुकानातलं पांढरं अंडं घालणारी कोंबडी बघा. ती स्वतः कधी अंड्यावर बसत नाही, तिची आई बसली नव्हती, आजीही नाही. हे कसं घडलं ते कळलं की पहिल्या खेपेला काय करायचं हेही निम्मं कळतं. म्हणून आजचं टिपण जरा इतिहासाचं.

कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली हाडं पाळीव कोंबडीची सगळ्यांत जुनी खात्रीची हाडं ठरली. काळ इसवीसनापूर्वी 1650 ते 1250. संशोधकांचं म्हणणं असं की माणसानं धान्य पेरलं, खळी घातली, साठवण केली आणि रानकोंबडा दाण्यामागं आपण होऊन वस्तीला आला. बाजरीच्या खळ्यावर कोंबड्यांना हुसकावत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे, आणि तो फार जणांना माहीत नाही. आपल्याकडचा रानकोंबडा राखी रंगाचा, वेगळ्या जातीचा. अकोल्याच्या डोंगरात पहाटे त्याची बांग ऐकू येते. 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जगभरच्या पाळीव कोंबड्यांत जी पिवळी कातडी आणि पिवळे पाय दिसतात, तो गुण लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही, या राखी रानकोंबड्याकडून आला. म्हणजे अमेरिकेतल्या पिवळ्या पायाच्या लेगहॉर्नमध्येही आपल्या डोंगराचा एक धागा आहे.

आता गावठी कोंबडीचं वर्षाचं गणित मांडा. एका पाळीत बारा ते पंधरा अंडी, त्याला धरा वीस दिवस. रवण एकवीस दिवस. पुढं दोन-सव्वादोन महिने पिल्लं घेऊन उकिरड्यावर. एक फेरा साधारण साडेतीन महिन्यांचा झाला. वर्षात तीन, फार तर चार फेरे, आणि अंडी चाळीस ते साठ. पुस्तकात लिहितात, "देशी कोंबडीची उत्पादनक्षमता कमी". मला हे वाक्य अर्धवट वाटतं. उरलेल्या दिवसांत ती हॅचरी चालवते, पिल्लांना ऊब देते, राखण करते आणि त्यांना खायला शिकवते. त्या कामाचा पगार धरला तर हिशेब वेगळा दिसेल.

हे सगळं खातं घरातल्या बाईचं असायचं. कोंबडीचा पैसा हा बाईचा पैसा. मीठ-मिरची, पोरांची वही-पेन्सिल त्यातून निघायची. ज्या घरात कोंबडी नसेल त्या घरात वाट्यानं द्यायची पद्धत होती. कोंबडी एकीची, राखण दुसरीची, पिल्लं निम्मी-निम्मी. अंडी विषम मोजून ठेवायची, नऊ नाहीतर अकरा. टोपल्याच्या तळाला चुलीतली राख, कारण खुडूक कोंबडीला उवा-पिसवांचा ताप फार. टोपल्यात लोखंडाचा खिळा किंवा कोळसा टाकायचा, विजेच्या कडकडाटानं अंडी गंदी होऊ नयेत म्हणून. खिळ्याचा उपयोग मला तरी पटलेला नाही. राखेचा मात्र पटतो, आजही टाकतो.

वेळही ठरलेली असायची. पौषात बसवलेली रवण माघात फुटते. माघातला कोंबडा आखाडापर्यंत पाच-सहा महिन्यांचा, किलो-सव्वा किलोचा होतो आणि श्रावण लागायच्या आत त्याला गिऱ्हाईक मिळतं. चैत्र-वैशाखात मात्र जाणत्या बाया रवण घालत नसत. त्याचं शास्त्रही पक्कं आहे. नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो. अंडं सत्तावीस अंशांच्या वर राहिलं की आतला जीव कोंबडी बसायच्या आधीच अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो. रवणीसाठी राखायची अंडी माठाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवायची रीत त्यातूनच आलेली.

कोंबडीशिवाय अंडी उबवायचा खटाटोप फार जुना आहे. इजिप्तमध्ये शेणाच्या ढिगात अंडी पुरून पिल्लं काढतात, असं ॲरिस्टॉटलनं इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. पुढं तिथं मातीच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. शेणी-गवताचा धूर-विस्तव, आत हजारो अंडी, आणि राखणारा माणूस रात्रंदिवस तिथंच. थर्मामीटर नव्हता. अंडं उचलून पापणीला लावायचं आणि ऊब ओळखायची. ही विद्या बापाकडून मुलाकडं जायची. युरोपातल्या लोकांना तिचा इतका हेवा वाटला की रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1749 साली कृत्रिम उबवणीवर अख्खा ग्रंथ लिहिला. धंद्याला चालेल असं यंत्र मात्र 1879 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाईस यानं बसवलं, आणि ते गाव अंड्यांची राजधानी म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

यंत्राला निसर्गाचीच एक सोय कामी आली. पिल्लू कवचातून बाहेर यायच्या आधी उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस दाणा-पाण्याशिवाय जगतं. आईला शेवटचं अंडं फुटेपर्यंत बसून राहता यावं, म्हणून ही तरतूद. माणसानं ओळखलं की याच दोन-तीन दिवसांत पिल्लू खोक्यात भरून शेकडो मैल पाठवता येतं. 1918 पासून अमेरिकेच्या टपाल खात्यानं एक दिवसाची पिल्लं पार्सलनं न्यायला सुरुवात केली. "डे ओल्ड चिक्स" हा धंदा उभा राहिला तो या बलकावर.

आणि इथंच खुडूक कोंबडीचं नशीब फिरलं. यंत्र उबवणार म्हटल्यावर बसणारी कोंबडी म्हणजे नुसता खर्च. तीन महिने अंडी बंद! मग निवड सुरू झाली. जी खुडूक बसली ती कापायला, जी घालत राहिली ती पैदाशीला. इटलीच्या लिव्होर्नो बंदराचं नाव घेऊन फिरणारी लेगहॉर्न जात मुळातच कमी बसणारी. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती सवयच जवळपास पुसून टाकली. शरीरात घडतं ते असं: पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडते, आणि ती ऊब थेट अंड्याला मिळते. निवडीनं हे सगळं चक्र थंड केलं. कोंबडी वर्षाला तीनशे अंड्यांवर गेली.

मांसाच्या बाजूलाही तेच झालं, आणि त्यात पुन्हा आपलं रक्त आहे. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये आपल्याकडची असील नेऊन, तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर करून एक रुंद छातीची जात तयार झाली. तिचं जुनं नाव "इंडियन गेम", आताचं कॉर्निश. 1948 साली अमेरिकेत "उद्याची कोंबडी" या नावानं मोठी स्पर्धा झाली. चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश संकर तिच्यात पहिला आला. कॉब-व्हँट्रेस या कंपनीच्या नावातला व्हँट्रेस तो हाच.

आपल्या देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या एटा इथं ख्रिस्ती मिशनच्या कुक्कुट केंद्रानं विलायती कोंबडे गावोगाव द्यायला सुरुवात केली. 1939 साली इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संस्थेत कुक्कुट संशोधन विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकाअखेरीस केंद्र सरकारनं मुंबईसह पाच ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट केंद्रं काढली. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी, कोल्हापूर, औरंगाबाद आणि नागपूर इथं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं चालू झाली. जुन्या माणसांना तपकिरी तांबडी ऱ्होड आयलंड रेड आठवत असेल, ती याच वाटेनं दारात आली. ही कोंबडी अजून थोडीफार बसायची.

1971 साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली. सुरुवात हैदराबादची, पुढं पुणे हेच तिचं मुख्य ठाणं झालं. अंड्याला बीव्ही-300, मांसाला व्हेनकॉब. पुण्यापासून नगर किती लांब? पिल्लाची गाडी सकाळी निघाली की दुपारी शेडवर. आपल्या जिल्ह्यात करारावरची ब्रॉयलर शेडं उभी राहिली, दुष्काळी पट्ट्यात कित्येक पोरांची घरं त्यावर चालली. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण अंडं उबवणं हे घरातलं काम होतं, ते तिथून कायमचं कारखान्यात गेलं.

या सगळ्यात मानमोडीला विसरून चालणार नाही. खरं तर गावठी कोंबडी यंत्रापेक्षा मानमोडीनंच जास्त संपवली. इंग्लंडात न्यूकॅसल इथं 1926 साली हा रोग ओळखला गेला. आपल्याकडं कुमाऊंतल्या राणीखेतला 1928 च्या सुमारास त्याची नोंद झाली, म्हणून पुस्तकात तो राणीखेत रोग. उन्हाळ्यात एक फेरा आला की गल्लीतली सगळी खुराडी आठ दिवसांत रिकामी व्हायची. 1940 च्या दशकात हॅडो आणि इदनानी यांनी तयार केलेली आर-टू-बी ही लस आजही मोठ्या पक्ष्यांना देतात. लस होती, पण कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची, बर्फात ठेवायची, फोडली की दोन तासांत संपवायची. बारा कोंबड्यांच्या बाईनं ती घ्यायची कशी? मोठ्या शेडला लस पोचली, परसाला पोचली नाही. पुढं 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. पोल्ट्री शेडांबरोबर आसपासच्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. महिन्याभरात जळगाव जिल्ह्यात तर परसातल्याच कोंबड्यांत रोग निघाला. भरपाई पक्ष्याची मिळाली. खुडूक बसणारा वंश मात्र असा एकदा तुटला की पैशानं परत येत नाही.

सरकारला हे उशिरा का होईना उमगलं होतं. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं गिरिराज काढली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं वनराजा आणि ग्रामप्रिया. रंगीत पिसं, उकिरड्यावर फिरणारी, गावठीपेक्षा दुपटी-तिपटीनं अंडी. परसासाठी या चांगल्याच आहेत, माझ्याकडं चार गिरिराज आहेत. पण यांचीही पैदास यंत्रातली. त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं एकसारखी निघत नाहीत, कोणी मोठं, कोणी बारकं. नगरी माणसाला हे बाजरीवरून पटकन कळेल. 1965 साली एचबी-1 आली, कणसं भरली, पण बियाणं दरसाल विकतच. घरचा दाणा पेरला की पीक फुटायचं नाना तऱ्हेनं. गिरिराजचं तसंच. कोंबडी परसात परत आली, पण पुढच्या पिढीसाठी पुन्हा पिल्लाच्या गाडीची वाट बघायची.

आपल्याच जिल्ह्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात राखलं, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी परसात कोंबड्याही पाळल्या. बियाण्याबाबत त्या जे सांगतात ते मला कोंबडीलाही लागू वाटतं: गावठीतला बसायचा गुण हेही बियाणंच, आणि ते फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी एखादी तरी खुडूक बसली तरच ते टिकतं.

मधल्या काळात कडकनाथची लाट आली. अंडी-पिल्लं आम्हीच परत घेतो, असं सांगून पैसे गोळा केलेला मोठा घोटाळा 2019 साली सांगली भागात उघडा पडला आणि राज्यभरचे हजारो शेतकरी बुडाले. घराघरात छोटी उबवणी यंत्रं राहिली ती तेव्हापासून. आज जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात ती त्यातलीच पुष्कळशी.

तर आता पहिल्या खेपेचं बोलू. माझं मत विचाराल तर मशीनच्या आधी एक खुडूक बसणारी गावठी किंवा असील कोंबडी मिळवा. नगर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, पारनेर-अकोल्याकडं अजून मिळते. तलंग घेण्यापेक्षा एकदा पिल्लं काढलेली मागा. घरी आणल्यावर रोज अंडी उचलू नका; चार-सहा खुणेची अंडी जागेवर ठेवा, म्हणजे तिच्या पोटाला स्पर्श राहील आणि ती बसेल. बसली की लगेच चांगली अंडी देऊ नका, दोन रात्री खुणेच्या अंड्यांवर टिकते का ते बघा. तिसऱ्या रात्री अंधारात अदलाबदल करा.

अंडी घालताना वय बघा. सात दिवसांच्या आतली, कडक थंडीत फार तर दहा. मध्यम आकाराची, न धुतलेली, टोक खाली करून ठेवलेली. कोंबडा नवा आणला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, कारण जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीत दहा-बारा दिवस राहतं. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा बास. आणि तो त्याच घरात वाढलेला नसावा. शेजारच्या वस्तीवरून बदलून आणा. आपल्या आज्या कोंबडा बदलायच्या ते उगीच नव्हे.

गिरिराजची अंडी गावठीखाली ठेवू का, असं पुष्कळ जण विचारतात. ठेवा, पिल्लं निघतील. फक्त त्यांतून पैदाशीला ठेवताना बसणाऱ्या गावठीच्या पोटच्या तलंगा वेगळ्या ओळखून ठेवा, पायात रंगीत दोरा बांधा. वंश तोच पुढं न्यायचाय.

मशीन घेणारच असाल तर पंख्याचं घ्या. 37.5 अंश सेल्सिअस, पहिले अठरा दिवस दमटपणा पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. आपली हवा माघ-फाल्गुनात फार कोरडी. पाण्याचं ताट आटलं की पिल्लू आतल्या पडद्याला चिकटतं. अंडी दिवसातून तीन-पाच वेळा फिरवायची, अठराव्या दिवशी थांबवायची. कोंबडी हेच काम चोचीनं रात्रंदिवस करते आणि दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठून अंड्यांना गार वाराही देते. सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नितळ दिसलं तर काढून टाका. लाईट गेली तर झाकण उघडून बघत बसू नका, मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी सोडा. दोन-तीन तास निभावतात.

एकविसाव्या दिवशी कवचाला टोच पडली की घरच्यांना आवरा. पहिल्या टोचेपासून बाहेर यायला पिल्लाला बारा-अठरा तास लागतात, कधी जास्तही. तेवढ्या वेळात ते शिरांतलं रक्त आणि बलक पोटात घेत असतं. घाईनं कवच सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं.

मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. बल्बाखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर गारठलीत, कडेला पळून चोच वासत असतील तर उकडतंय. आधी पाणी, मग बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर. कोंबडीखालची असतील तर तिला डालग्याखाली चार दिवस कोंडा; सावेडीत आता मुंगसापेक्षा बोक्यांचा आणि मोकाट कुत्र्यांचा त्रास जास्त, घारी आहेतच.

आणि मानमोडीचं. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला निदान मॅरेक्सची लस पहिल्या दिवशी टोचलेली असते. घरच्या पिल्लाला काहीच नसतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात एक थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, पशुवैद्यकाला विचारून. कुपी मोठी असते म्हणून एकट्यानं आणू नका. आम्ही गेल्या वर्षापासून सात-आठ घरं एकाच आठवड्यात रवण घालतो, म्हणजे पिल्लं एका वयाची निघतात आणि एका कुपीत, एका सकाळी, सगळ्यांचं उरकतं. यंदा पौषात बसवणार आहोत. सावेडी, बोल्हेगाव, नागापूरकडच्या कोणाला जोडून घ्यायचं असेल तर इथं खाली लिहा. खुडूक कोंबडी जादा असेल तर तेही लिहा, दोन घरं वाट्यानं घ्यायला तयार आहेत.